50 पैशांचं पोस्टकार्ड: मुलांच्या कवितेला पुरतं का?

आजीसाठी, मामासाठी, गावी राहिलेल्या भावासाठी मुलांकडून कविता लिहून घ्यायची असेल, तर टपाल खात्याचं साधं पोस्टकार्ड हे आज मिळणाऱ्या साधनांत सगळ्यांत उजवं आहे. किंमत अजून 50 पैसे आहे. दुकानातलं भेटकार्ड, मोबाईलवरचा संदेश, रंगीत कागदाची घडी या सगळ्यांशी तुलना करूनच हे म्हणतो आहोत. स्वस्त आहे म्हणून ते चांगलं नाही. जागा थोडी आहे, मजकूर उघडा राहतो आणि ते हातानंच लिहावं लागतं, म्हणून चांगलं आहे. या तिन्ही गोष्टी मुलाला नेमकं आणि खरं लिहायला लावतात. त्याच तिन्ही गोष्टींमुळे काही ठिकाणी ते नडतंही, त्याबद्दल पुढे येईलच.

आधी वस्तू पाहू. भारतात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला सुरू झालं, तेव्हा त्याला पाव आणा पडायचा. आताचं कार्ड 14 सेंटिमीटर लांब आणि 9 सेंटिमीटर रुंद आहे. रंग पिवळसर, तिकीट आधीच छापलेलं. पत्त्याच्या बाजूला उजवा अर्धा भाग पत्त्यासाठी आणि पिन कोडच्या सहा चौकटी असतात, डावा अर्धा मजकुराला मोकळा. मागची बाजू पूर्ण मोकळी. 50 पैशांची नाणी आता कुणाच्या खिशात नसतात, त्यामुळे एक कार्ड मागितलं की सुट्ट्यांचा घोळ होतो. सरळ 5 रुपये देऊन 10 कार्डं घ्यावीत. वर्गासाठी हवी असतील तर मुलामागे दोन धरा: एक पक्कं लिहायला, एक बिघडलं तर. 30 मुलांच्या वर्गाला 60 कार्डं म्हणजे 30 रुपये. लहान पोस्टात एकदम एवढी शिल्लक असतीलच असं नाही, म्हणून चार दिवस आधी विचारून ठेवावं किंवा हेड पोस्टातून आणावीत.

कागद खरबरीत आहे आणि शाई पितो. इथंच पहिली फसगत होते. मुलांना जेल पेन आवडतं, पण या कागदावर त्याची शाई लवकर वाळत नाही आणि हाताच्या कडेनं पुसली जाते. शाईच्या पेनाची अक्षरं फुटतात. स्केचपेन मागच्या बाजूला उमटतं, आणि मागच्या बाजूला पत्ता असेल तर तो वाचता येत नाही. तेलखडूचा रंग दुसऱ्या कार्डाला लागतो. साधं बॉलपेन घ्यावं, निळं किंवा काळं. त्याची शाई तेलकट असल्यामुळे पावसाळ्यात कार्डाला थोडी ओल लागली तरी अक्षर राहतं. जुलै-ऑगस्टात सांगली, मिरज, कराड पट्ट्यात टपाल टाकताना हा मुद्दा अगदी महत्त्वाचा ठरतो. चित्राला लाकडी रंगकांड्या उत्तम. गुलाबी आणि आकाशी रंगात अक्षरं काढू देऊ नयेत, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ती दिसत नाहीत.

टिकल्या, चमकी, सुकवलेलं फूल, राखीचा गोंडा असलं काही कार्डावर चिकटवू नये. शिक्का मारताना आणि गठ्ठ्यात बांधताना ते सुटतं, आणि पोस्टकार्डाच्या नियमातही बसत नाही. मुलाचा फारच आग्रह असेल तर कार्ड पाकिटात घालावं. 20 ग्रॅमपर्यंतच्या पत्राला 5 रुपयांचं तिकीट पुरतं.

आता कवितेकडे. बहुतेक ठिकाणी मुलांच्या हातात कार्ड देतात आणि म्हणतात, "आजीवर छान कविता लिही." मग आजी प्रेमळ असते, मायेची छाया असते, देवाघरचं फूल असते. शेजारच्या बाकावरच्या मुलाची आजीही अगदी तशीच असते. यात मुलाचा दोष नाही. प्रश्न "आजी कशी आहे?" असा आला की उत्तर विशेषणातच येणार. विचारायचं असतं ते आजी काय करते. हे पाच प्रश्न चौथी-पाचवीच्या मुलांना चांगले लागू पडतात:

आजीचे हात दिवसभरात काय काय करतात?
ती तुला कोणत्या नावानं हाक मारते? अगदी तिच्याच शब्दांत सांग.
ती तुझ्यासाठी असं काय करते, जे बाकी कुणाच्या लक्षात येत नाही?
तिला कशाचा त्रास होतो, काय जड जातं?
तू तिथं असलास तर त्यातलं काय करशील?

उत्तरं तोंडी घ्यावीत आणि मोठ्या माणसानं जशीच्या तशी कच्च्या कागदावर टिपावीत. मूल "आज्जी", "लई", "न्हाई", "कवा आलास" असं बोलत असेल तर तसंच टिपावं. कृष्णाकाठच्या घरांत आजी अशीच बोलते, आणि कार्ड वाचताना तिला स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे. ही बोली शुद्ध करण्याचा मोह शिक्षकांना फार होतो. तो आवरावा.

चौथा आणि पाचवा प्रश्न सोडू नये. आपुलकीची कविता म्हणजे कौतुकाची कविता, असा समज मोठ्यांमध्येच पक्का आहे. कौतुक मुलाला फुकट पडतं आणि वाचणारा ते लगेच विसरतो. समोरच्याचा त्रास आपल्याला दिसला आहे आणि त्यातलं एवढंसं आपण करणार आहोत, हे कवितेत आलं की आजी ते कार्ड चार जणांकडून वाचून घेते. मात्र ते "एवढंसं" मुलाला खरोखर करता येण्यासारखं हवं. "मी तुला विमानातून फिरवीन" हे गोड आहे, पण आजीला त्याचा उपयोग नाही. "पाण्याची कळशी मी उचलीन" हे पुढच्या सुट्टीत करता येतं, आणि आजी त्याची आठवणही करून देऊ शकते.

नमुन्यादाखल एका मुलाची अशी उत्तरं धरू: एसटी आली की आजी पदराची गाठ सोडते आणि दहाची नोट माझ्या मुठीत कोंबते. आई नको म्हणते. ती नोट मी खर्च केली नाही, वहीत ठेवलीय. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. थेंब घालायला शेजारची काकू येते. ही पाच वाक्यं म्हणजे कवितेचा सगळा माल. आता याला आकार द्यायचा.

आकारासाठी अष्टाक्षरी सगळ्यांत सोपी पडते. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, बाकी कसलं बंधन नाही. लघु-गुरूच्या भानगडीत पडावं लागत नाही. अक्षरं मोजताना मुलं दोन ठिकाणी अडतात. जोडाक्षर एकच धरायचं: "आज्जी" दोन अक्षरी, "स्वयंपाक" चार अक्षरी. आणि काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजायचे नाहीत. "एसटी" बोलायला छोटी वाटते, पण ए-स-टी अशी तीन अक्षरं होतात. मोजायला चौकटीची वही द्यावी, एका चौकटीत एक अक्षर, आठव्या चौकटीला जाड रेघ. तोंडानं मोजण्यात जेवढ्या चुका होतात त्या चौकटीत बहुतेक संपतात. वरच्या पाच वाक्यांतून असं काही निघतं:

पदराच्या गाठीमध्ये
नोट तुझी दहाची गं
एसटी आली की दिली
मूठ मिटली माझी गं

नोट नाही मोडली मी
ठेवलीय ती वहीत
दिवाळीला आलो की मी
थेंब सोडीन डोळ्यांत

यात प्रेम, माया, ममता यांतला एकही शब्द नाही, तरी आजीवरचा जीव प्रत्येक ओळीत आहे. आई नको म्हणते ते वाक्य गळलं, कारण हे कार्ड आजीसाठी आहे आणि आईची तक्रार तिच्यापर्यंत पोचवायचं कारण नाही. "गं" दोनदा आलाय तो आठवं अक्षर भरून काढायला. एवढी भर चालते, कारण मूल आजीशी तसं बोलतंच. चौथ्यांदा-पाचव्यांदा आला असता तर ओळ बदलायला सांगितलं असतं. "वहीत" आणि "डोळ्यांत" यांचं यमक कच्चं आहे. ते तसंच ठेवावं.

यमकाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मुलांच्या कविता सर्वांत जास्त तिथंच बिघडतात. मूल आधी यमक शोधतं. आई म्हटलं की ताई, बाई, घाई. फूल म्हटलं की मूल, झूल. मग त्या शब्दापर्यंत पोचण्यासाठी काहीही लिहितं: "माझी आई, तिला असते घाई" इथवर खरं असतं, पुढे "अंगणात आली गाई" येतं तेव्हा घरात गाय नसते. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी आठ अक्षरांत खरी गोष्ट बसवायची, मग फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं शेवटचं अक्षर जुळतंय का ते पाहायचं. एका अक्षराचं साम्य पुष्कळ. नाहीच जुळलं तर यमकावाचून कार्ड जाऊ द्यावं. आठाआठाच्या ओळींना स्वतःची लय असतेच, कानाला कविता लागते.

सहावी-सातवीच्या मुलांना अभंगाचा आकार देऊन पाहावा. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. वारी लोणंद-फलटणवरून जाते, त्यामुळे ही चाल सातारा जिल्ह्यातल्या मुलांच्या कानात आधीपासून असते, शिकवावी लागत नाही. नव्यानं फौजेत भरती झालेल्या भावासाठी:

दादा तुझी टोपी
खुंटीवर आहे
आई रोज पाहे
मीसुद्धा रे

शेवटच्या चार अक्षरांत मुलाला जे बोलायला लाज वाटते ते नेमकं मावतं. मोठ्या मुलग्यांना हा आकार म्हणूनच मानवतो.

मोजणी झाली की कार्डावर उतरवणं. या कामाची आखणी अशी करावी: कार्ड आडवं धरायचं, वर आणि खाली एकेक सेंटिमीटर समास, मध्ये आठ-आठ मिलिमीटरवर पेन्सिलीनं फिकट रेघा. आठ ओळी आरामात बसतात. चौथीच्या मुलाचं एक अक्षर साधारण एक सेंटिमीटर जागा खातं, म्हणजे आठ अक्षरांची ओळ आठ-नऊ सेंटिमीटरमध्ये संपते. उजवीकडे चार-पाच सेंटिमीटरची उभी पट्टी उरते, ती चित्राला. आठ ओळींपेक्षा जास्त लिहू देऊ नये. बाराव्या ओळीपर्यंत गेलेलं मूल शेवटच्या चार ओळी मुंगीएवढ्या काढतं, आणि ज्या आजीसाठी लिहिलं तिला त्याच वाचता येत नाहीत. खाली परीक्षेचं पॅड हवं. बाकावर नुसतं कार्ड ठेवलं तर पेनाचं टोक घुसतं.

कच्चं लिहिणं आणि पक्कं उतरवणं एकाच दिवशी करू नये. 40 मिनिटांच्या दोन बैठका, मध्ये निदान एक रात्र. दुसऱ्या दिवशी मूल स्वतःच एखादा शब्द बदलतं, आणि तो बदल बहुधा चांगला असतो. शनिवारच्या सकाळच्या शाळेत पहिली बैठक आणि सोमवारी दुसरी, असं वर्गाचं गणित छान बसतं. एका मोठ्या माणसामागे सहा ते आठ मुलं ठीक. तीसच्या तीस मुलांना एकटे गुरुजी पाच प्रश्न विचारू शकणार नाहीत. तेव्हा सातवीच्या मुलांना चौथीच्या मुलांची उत्तरं टिपायला बसवावं. ते हे काम मन लावून करतात.

पत्त्याच्या बाजूचा डावा अर्धा भाग रिकामा ठेवू नये. तिथं दोन ओळींचं साधं पत्र लिहावं, तारीख घालावी, खाली मुलाचं नाव. मायना शिकवायची ही चांगली संधी आहे. आई-वडिलांना तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, लहान भावंडाला चिरंजीव. शाळेत हे परीक्षेपुरतं पाठ होतं. इथं ते खरोखर कुणाच्या तरी हातात पडणार असतं, त्यामुळे मुलं चटकन विचारतात की मामाला काय लिहायचं. फक्त मजकूर मधली रेघ ओलांडून उजवीकडे जाऊ देऊ नये. पत्त्यात कवितेची ओळ घुसली की कार्ड अडतं. मुलांच्या कार्डांत वारंवार दिसणारी चूक हीच आहे.

पत्ता मात्र मोठ्या माणसानं तपासावा, आणि इथं शुद्धलेखनात सूट नाही. नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन कोड, या क्रमानं. गाव एक आणि पोस्ट दुसरं असतं हे मुलांना माहीत नसतं, तेव्हा "मु." आणि "पो." वेगळे लिहायला लावावेत. सांगली शहराचा 416416 किंवा साताऱ्याचा 415001 मुलांना पाठ असतो, पण आजीच्या गावचा नसतो. तो रेशनकार्डावर किंवा आधारवर पाहून घ्यावा. पिन कोडची ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर स्वतः संस्कृत कवी होते. सहा आकडे भरायला कंटाळणाऱ्या मुलांना हे सांगितलं की ती चौकटी नीट भरतात.

आपल्या सांगली-साताऱ्याच्या भागात पत्त्यांच्या तीन खास अडचणी येतात. विटा, खानापूर, आटपाडीकडचे कितीतरी काका-मामा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी केरळ, तमिळनाडू, पंजाबपर्यंत पांगलेले आहेत. त्यांचा पत्ता फक्त मराठीत लिहून भागत नाही, तो इंग्रजीत लिहावा, कविता मराठीत राहू द्यावी. साताऱ्याकडच्या फौजी घरांत, अपशिंग्यासारख्या गावांत तर घरोघरी, पत्ता 56 एपीओ किंवा 99 एपीओ (एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय) असा असतो आणि पिन 9 नं सुरू होतो. तिथं नंबर, हुद्दा, नाव, युनिट, एपीओ आणि पिन एवढंच लिहायचं. दादा नेमका कुठं आहे ते घरी कळलं असलं तरी कवितेत गावाचं किंवा ठाण्याचं नाव घालू नये. तिसरी अडचण ऊसतोड मजुरांच्या मुलांची. साखर कारखान्यांच्या हंगामात ती आई-बापाबरोबर इथं कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असतात आणि आजी बीडकडच्या गावात एकटी. या मुलांना पिन कोड सोडाच, कधीकधी तालुकाही नीट सांगता येत नाही. मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून किंवा पालकांच्या आधारकार्डावरून पत्ता काढून द्यावा लागतो. ते कष्ट घ्यावेत. या साधनाचा सगळ्यांत मोठा उपयोग कुणाला होत असेल तर या मुलांना होतो, कारण तिकडच्या आजीकडे बऱ्याचदा मोबाईल नसतो आणि पोस्टमन गावात जातो.

आता तोट्याची बाजू. पोस्टकार्ड उघडं असतं, वाटेत कुणीही वाचू शकतं. आजीला वाचता येत नसेल तर हा फायदाच आहे, कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवतं आणि चार शेजारणी ऐकतात. पण लपवावंसं वाटणारं आजारपण, घरातलं भांडण, पैशांची ओढाताण, मागितलेली माफी, असल्या गोष्टी कार्डावर नकोत. घरचा फोन नंबरही नको. मुलाच्या उत्तरांत असं काही आलं तर ते खोडायला न सांगता कार्ड बाजूला ठेवावं आणि आंतर्देशीय पत्र द्यावं. ते अडीच रुपयांना मिळतं, घडी घालून बंद होतं आणि जागाही भरपूर असते. कुठली गोष्ट उघड्यावर लिहावी आणि कुठली झाकून, हे मुलांशी मोकळेपणानं बोलावं. त्यांना ते लगेच उमजतं.

दुसरा तोटा वेळेचा. साध्या टपालाचा माग काढता येत नाही आणि ठरलेल्या तारखेला पोचेल याची हमी नसते. वाढदिवस किंवा भाऊबीज साधायची असेल तर आठ-दहा दिवस आधी पेटीत टाकावं. खरं तर सणाचं निमित्त नसलेलं कार्ड जास्त भाव खाऊन जातं. निमित्त हवंच असेल तर संक्रांत धरावी, तिळगुळाबरोबर दोन गोड ओळी पाठवण्याची रीत आपल्याकडे आहेच. पलूस तालुक्यात औदुंबरला त्या दिवशी साहित्य संमेलनही भरतं, जवळपासच्या शाळांना कवितेचं वातावरण आयतं मिळतं.

पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवावा. कार्ड मुलानं स्वतः पेटीत टाकावं. पेटीवर टपाल काढण्याची वेळ लिहिलेली असते, ती त्यालाच वाचायला लावावी. वर्गाची कार्डं एकगठ्ठा शिक्षकांनी नेऊन दिली की अर्धी मजा जाते. पोस्ट शाळेपासून चालत जाण्यासारखं असेल तर रांगेनं मुलांना न्यावं.

इतर साधनांशी तुलना केली तर असं दिसतं. दुकानातली भेटकार्डं दिसायला देखणी असतात, पण आत मजकूर छापलेला असतो, मुलाला खाली फक्त नाव घालायचं उरतं. कागद गुळगुळीत, त्यावर पेन्सिल धरत नाही. मोबाईलवर संदेश लगेच पोचतो, म्हणून मूल दोन मिनिटांत लिहून मोकळं होतं, आणि तो पुढच्या चाळीस संदेशांखाली जातो. हल्ली मुलं फोनलाच कविता करायला सांगतात. ती येते छान, यमक पक्कं, पण तिला पदराची गाठ माहीत नसते. मुलानं अशी कविता आणली तर रागावू नये. पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरांतली एकही गोष्ट त्या कवितेत आहे का, ते त्यालाच शोधायला सांगावं. बहुतेक मुलं मग स्वतःहून चौकटीची वही उघडतात.

वयाचं म्हणाल तर आठ ते बारा या मुलांना पोस्टकार्ड अगदी चपखल. सहा-सात वर्षांच्या मुलांना आठ ओळी झेपत नाहीत. त्यांनी सांगावं, मोठ्यांनी शब्द न बदलता लिहावं, आणि शेवटची एक ओळ, नाव आणि चित्र मुलानं काढावं. अशा कार्डांत मोठ्यांचं अक्षर सरळ दिसलं तरी चालतं, त्यांचे शब्द दिसता कामा नयेत. तेराच्या पुढे मुलांना उघड्या कार्डाची लाज वाटायला लागते. त्यांना आग्रह करू नये, आंतर्देशीय द्यावं.

उत्तर यावं असं वाटत असेल तर एक सोपा उपाय आहे. पुढच्या भेटीत मुलानं आपलाच पत्ता घातलेली दोन-तीन कोरी कार्डं आजीकडे ठेवून यावीत. आजीला लिहिता येत नसेल तर ती पोस्टमनला, शेजारच्या मुलाला किंवा अंगणवाडीच्या ताईंना सांगून दोन ओळी लिहून घेते. त्या ओळी आठ अक्षरांत नसतात, पण त्यात आजीची बोली असते, आणि मुलाच्या पुढच्या कवितेचा माल तिथंच मिळतो. आलेली कार्डं आणि पाठवलेल्या कार्डांच्या फोटोंच्या प्रती, अशी दोन्ही एका वहीत तारखेप्रमाणे लावून ठेवावीत. गोंद न लावता चारी कोपऱ्यांना कागदी खाचा करून अडकवली, तर दोन्ही बाजू वाचता येतात.